डावा कोपरा

कबड्डीचा सामना पाहायला गेलेला माणूस चढाईपटूकडे पाहतो. ते स्वाभाविक आहे. दम घेऊन एकटा गडी समोरच्या सात जणांत शिरतो. कॅमेरा त्याच्यामागे, टाळ्या त्याच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीतल्या ‘तुफानी चढाया’ही त्याच्याच. मला मात्र हा खेळ डाव्या कोपऱ्यातून पाहायला आवडतो. बहुतेक चढाईपटू उजव्या अंगाचे असतात. त्यांचा उजवा हात नि उजवा पाय सगळ्यांत आधी पोचतो तो बचाव करणाऱ्यांच्या डाव्या कोपऱ्याकडे. म्हणून संघातला शांत डोक्याचा आणि घट्ट मनगटाचा गडी तिथे उभा केला जातो. अर्धा सामना तो नुसता मागेपुढे सरकत असतो. पण मैदानावरच्या सगळ्या रेषांचा हिशेब त्याच्या पायांत असतो, आणि कबड्डीतली नीतीही रेषेच्या आसपासच कसाला लागते.

आधी या रेषा नीट पाहू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिलांचं १२ बाय ८. लहान मुलांचं त्याहून आखूड. मधोमध मध्यरेषा. पुरुषांच्या मैदानात तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा आणि त्यानंतर अंतिम रेषा. म्हणजे बोनस रेषा ते अंतिम रेषा या पट्ट्याची खोली उरते अवघी पावणेदोन मीटर. कोपऱ्यातल्या गड्याचं घर ते एवढंच. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी. पुस्तकात तिला राखीव क्षेत्र म्हणतात. झटापट सुरू झाल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. चढाईपटूने निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनसचा गुण, आणि तोही पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला असताना मागचा पाय हवेत असेल तर. हे सगळं तीस सेकंदांत. ही आखणी ज्याने मनात रुजवून घेतली, त्याला चढाईतलं प्रत्येक पाऊल वाचता येतं.

वाकोल्यात या रेषा अजून फक्कीने मारल्या जातात. मॅट आली आहे, नाही असं नाही. पण शाळाशाळांचे सामने जिथे होतात तिथे बहुधा माती असते. सकाळी माती चाळून घ्यायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोरी ताणायची आणि फक्की सोडायची. मुलंच करतात हे सगळं. सांताक्रूझ पूर्वेच्या या भागात मोकळी जमीन किती दुर्मीळ आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एका अंगाला द्रुतगती मार्गाची घरघर, दुसऱ्या अंगाला नाला, वर विमानांचा आवाज आणि चारी बाजूंनी वाढत आलेल्या इमारती. त्यांच्यामध्ये जे चौकोन उरले त्यांवर कबड्डी टिकली, कारण तिला लागते फार थोडी जागा आणि साहित्य तर काहीच नाही. या मातीतल्या खेळाची एक खासियत मॅटवर नसते. सामना पुढे सरकतो तशी फक्की पायांनी पुसली जाते. मध्यरेषा सगळ्यांत आधी जाते. उत्तरार्ध निम्मा झाला की ती कुठे होती हे पंचाच्या डोळ्याला, दोन्ही संघांच्या स्मरणाला आणि थोडंफार त्यांच्या प्रामाणिकपणालाच माहीत असतं.

अशाच एका मैदानावर पाहिलेल्या आंतरशालेय उपांत्य सामन्यातल्या शेवटच्या दोन चढाया मला इथे उलगडून दाखवायच्या आहेत. शाळांची नावं मुद्दाम देत नाही. जर्सीच्या रंगांवर भागवू. सामना बाद पद्धतीचा. हरलेल्याने सामान आवरायचं. निळ्यांचे २४, पिवळ्यांचे २२. निळ्यांचे सहा गडी मैदानात.

पिवळ्यांचा चढाईपटू उंच, लांब हातांचा. निदान रेषा ओलांडून तो डावीकडे आला, बोनसची हूल दिली आणि परतताना हात मागे झटकला. डाव्या कोपऱ्यातला मुलगा मागे सरकलेला होता. मध्यरेषा ओलांडताच चढाईपटूने हात वर करून त्याच्याकडे बोट दाखवलं. पंचाने मान हलवली, टच नाही. त्या बाजूला उभ्या असलेल्या आम्हालाही काही दिसलं नव्हतं. शालेय सामन्यात रिव्ह्यू नसतो. पंचाची मान हलली की विषय संपला. सरपंच गुणलेखकाकडे वळलाच होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या त्या मुलाने आपला हात वर केला आणि तो चालू लागला. बाहेर बसलेल्या त्याच्या सरांनी विचारलं, “टच होता?” तो म्हणाला, “अंगठ्याला, सर.” सर काही बोलले नाहीत. २४–२३. निळे पाच.

जाणकाराने इथे एक गोष्ट टिपावी. पाच गडी उरल्यावर बोनस बंद होतो. म्हणजे एक गुण देताना या मुलाने पिवळ्यांच्या हातातलं एक अस्त्रही काढून घेतलं होतं. त्याने हा हिशेब केला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या चालीत हिशेब नव्हता; खाली बसताना तो अंगठा चोळत होता. आणि हिशेब केलाच असता तर उलट बाजूला बरंच काही होतं. एक गुण गेला, बरोबरी एका टचवर आली आणि संघाचा सगळ्यांत भरवशाचा हात बाहेर बसला. रेषेवरचा खेळ असाच असतो. तिथे घडलेल्या कित्येक गोष्टी जगात फक्त दोघांना कळतात, शिवणाऱ्याला आणि शिवल्या गेलेल्याला. त्यातल्या एकाचा फायदा खरं सांगण्यात असतो आणि दुसऱ्याचा गप्प राहण्यात. पंचाचा डोळा चुकला तेव्हा खेळ त्या दुसऱ्याच्या हातात गेला.

पुढची चढाई निळ्यांची. त्यांच्या गड्याने निदान रेषा ओलांडली, वेळ काढला आणि तो रिकामा परतला. नियमाने त्यात गैर काही नाही. मग सामन्याची शेवटची चढाई. पुन्हा तोच उंच मुलगा.

आता डाव्या कोपऱ्यात, एरवी कोपऱ्याच्या शेजारी ‘इन’ खेळणारा मुलगा आला होता. अंगाने बारीक. त्याच्या शेजारी कव्हर. पलीकडे उजवीकडे दोघांची साखळी, मनगटात मनगट अडकवलेली, आणि मध्ये एक सुटा गडी. पाहणाऱ्यांच्या गर्दीतून “चेन, चेन!” असा ओरडा चालू होता. चढाईपटूने आधी उजवी बाजू चाचपली, साखळीला मागे रेटलं, आणि मग तिरकं पाऊल टाकत डाव्या कोपऱ्याकडे आला. त्याला एक गुण मिळाला तर बरोबरी, दोन मिळाले तर विजय. तो एका हाताने कव्हरकडे झेपावला. त्याच क्षणी त्याचा उजवा पाय बोनस रेषेच्या आत, जमिनीवर टेकला.

घोट्याची पकड करायची ती याच क्षणी. आधी केली तर पाय हवेत असतो आणि लाथ तोंडावर बसते. उशिरा केली तर पाय निघून गेलेला असतो. नव्या कोपऱ्याने दोन्ही गुडघे दुमडले, छाती जमिनीला समांतर आणली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. एक तळवा टाचेच्या मागून, दुसरा पुढून. इथवर कोणताही चांगला कोपरारक्षक येतो. यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं होतं. त्याने तो पाय ओढला नाही आणि मुरगळला तर नाहीच. त्याने तो उचलला. जमिनीपासून वर आणि स्वतःच्या छातीकडे. पाऊल मातीतून सुटलं आणि चढाईपटूचा सगळा भार डाव्या पायावर गेला. मग कव्हरने मागून कंबर धरली.

या क्रमात घोट्याच्या पकडीचं सौंदर्य आहे आणि तिची नीतीही याच क्रमात आहे. माणसाचा गुडघा जातो तो बहुधा पाऊल जमिनीत रुतलेलं असताना. खाली तळवा घट्ट, वर धड वळतंय, आणि मधल्या सांध्यावर पीळ पडतो. अशा वेळी दुसऱ्याचं वजन वरून आलं तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा खेळ तिथे संपू शकतो. पण पाऊल आधी उचललं गेलं असेल तर वरून भार आला तरी पाय मोकळा फिरतो. म्हणून आधी घोटा उचलायचा आणि नंतर कंबर धरायची. उलट झालं, म्हणजे कंबर आधी अडकली आणि मग कोणी खालून रुतलेल्या पायावर झेप घेतली, तर नियमपुस्तक कदाचित काही म्हणणार नाही, पण ती पकड वाईट आहे. ती दिसायलाही वाईट दिसते. ओबडधोबड, धसमुसळी, दोन शरीरं एकमेकांना न विचारता आदळलेली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं तिथल्या शाळांत जो फुटबॉल खेळतात, त्यातही हाच प्रश्न आहे. चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेवर दोन्ही संघांची धिप्पाड मुलं समोरासमोर वाकून उभी असतात. त्यांच्या हाती चेंडू सहसा येत नाही, त्यांच्या नावावर गुण सहसा लागत नाहीत. समोरच्याला अडवणं हेच त्यांचं काम. तिथल्या शालेय नियमांत एका प्रकाराला सक्त मनाई आहे. एकाने समोरच्याला वर गुंतवून ठेवायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी त्याच्या पायांवर आदळायचं, याला ते ‘चॉप ब्लॉक’ म्हणतात. कमरेखाली अडवण्याची मुभा आहे, पण रेषेभोवतीच्या एका छोट्या चौकटीपुरती. कबड्डीच्या माणसाला हे वाचून थबकायला होतं. एक वर आणि एक खाली ही तर आपली रोजची पकड! मग तिकडे जे निषिद्ध ते इकडे कौशल्य कसं? मला याचं उत्तर त्या बारीक मुलाच्या दोन तळव्यांत दिसलं. तिकडे खाली येतो तो खांदा, म्हणजे धडक. इकडे खाली येतो तो हात. हाताला कळतं की पाऊल सुटलं की नाही. शिवाय चढाईपटू सर्व बाजूंना पाहत असतो, पकड येणार हे धरूनच आत आलेला असतो. हाताच्या जागी गुडघा किंवा खांदा आला की आपली पकडही त्यांच्या निषिद्ध यादीत जाऊन बसते.

आपल्या नियमांनीही हे ओळखलं आहे. चढाईपटूला धरायचं ते धडाला किंवा हातापायांना. इतर कुठे मुद्दाम धरलं तर धरणारा बाद. तोंड दाबून दम तोडायचा नाही, गळा आवळायचा नाही, दोन पायांची कैची घालायची नाही. हे नियम खोलीत बसून सुचलेले नाहीत. प्रत्येकामागे कोणाचा तरी मोडलेला पाय किंवा घुसमटलेला श्वास असणार. हुतुतू म्हणून गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा हा खेळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात आणि महाराष्ट्रात इतरत्र नियमांत बांधला गेला. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार होते. त्यांतून आजचा खेळ घडला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला, १९९० साली बीजिंगला तो आशियाई खेळांत आला. बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. या साऱ्या वाटचालीत नियम अधिकाधिक शरीर राखणारे होत गेले, असं मी आनंदाने म्हटलं असतं. एका बाबतीत मात्र मला ते म्हणवत नाही.

ती बाब म्हणजे डॅश. आम्ही शिकलो तेव्हा जे नियम छापलेले असत त्यांत प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम मैदानाबाहेर ढकलायला मनाई होती. ढकलणारा बाद, आणि चढाईपटू सुखरूप परतला असं धरायचं. आज टीव्हीवर डॅश हे बचावाचं मोठं हत्यार आहे. चढाईपटू कडेला आला की कव्हर खांदा घालून त्याला लॉबीच्या पार फेकतो. मोठ्या मैदानात, मॅटवर, कडेला मोकळी जागा असताना, वेळ साधून केलेला डॅश पाहायला थरारक असतो हे मी नाकारत नाही. पण टीव्हीवर पाहिलेलं मुलं दुसऱ्या दिवशी मैदानात करतात. आमच्या इथल्या मैदानांच्या कडेला काय असतं? कुठे पायऱ्या, कुठे कठडा, कुठे खुर्च्या आणि त्यांवर बसलेले पाहुणे. डोक्याच्या दिशेने तिथे भिरकावलेला मुलगा कशावर आदळेल हे ढकलणाऱ्याला माहीत नसतं, आणि जे माहीत नाही त्याची जबाबदारी तो घेऊ शकत नाही. म्हणून शालेय गटात, मातीवर, डॅश मला गैर वाटतो. पकडीत माणूस आत आणला जातो. पकडणारा त्याच्याबरोबर पडतो, बरेचदा त्याच्या खाली पडतो. डॅशमध्ये पकडणारा उभा राहतो आणि दुसरा एकटा पडतो. दोन्हींचा गुण एकच असला तरी दोन्हींची किंमत एक नाही.

चढाईकडे परत येतो. घोटा उचललेला, कंबर धरलेली. तरीही चढाईपटू पडला तो पुढे, मध्यरेषेच्या दिशेने, कारण कव्हर अर्धं पाऊल उशिरा पोचला होता आणि तेवढ्यात त्या मुलाने डाव्या पायावर झेप घेतली होती. लांब अंग, त्यात पुढे ताणलेला हात. निदान रेषा पार झाली. “आत ओढ, आत ओढ!” असा कल्ला. दोघे मागे ओढत होते, तो कोपरांवर सरपटत होता आणि तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू होतं. मधला सुटा गडी धावून आला. चढाईपटूचा डावा पाय गुडघ्यात दुमडून अंगाखाली अडकला होता. त्याच्यावर उडी पडली असती तर चढाई तिथेच संपली असती, असं मला आजही वाटतं. गर्दीतून कोणीतरी ओरडलंही, “बस वरती!” त्या मुलाने झेप घेतली होती, पाय जमिनीवरून सुटले होते. आणि हवेतच त्याने अंग वळवलं. तो चढाईपटूच्या बाजूला मातीत पडला, आणि पडल्या पडल्या त्याच्या पुढच्या हाताकडे वळला. उशीर झाला होता. बोटं रेषेला लागली.

रेषेला म्हणजे रेषेच्या जागेला. फक्की तिथे उरलीच नव्हती. पंच खाली वाकला, दोन्ही टोकांना शिल्लक राहिलेल्या खुणांकडे पाहिलं, त्यांच्यामधली सरळ रेघ नजरेने ओढली आणि शिट्टी वाजवून दोन बोटं वर केली. धरणारे दोघे बाद. अंगाला हात न लागल्याने तिसरा वाचला. २४–२५.

शिट्टीबरोबर दोघांनी हात सोडले. हेही पाहण्यासारखं होतं, कारण शिट्टीनंतरचा एक हिसका, एक कोपर, एक गुडघा हे मोठ्यांच्या सामन्यांत नेहमीचं आहे. इथे ते झालं नाही. कोपऱ्यातल्या बारीक मुलाने छातीशी धरलेला पाय खाली ठेवला. सोडला नाही, ठेवला. मग तो उठला.

मला या चढाईत तीन ठिकाणी थांबावंसं वाटतं. आधी त्या उचललेल्या घोट्यापाशी. मग हवेत वळवलेल्या अंगापाशी. पहिली गोष्ट सरावातून येते, पण ही दुसरी कोणत्या सरावातून येते ते मला सांगता येत नाही. हवेत असलेल्या माणसाकडे विचार करायला वेळ नसतो. म्हणजे तो विचार आधीच अंगात उतरलेला होता, शिकवणाऱ्या कोणीतरी उतरवलेला होता. आणि शेवटी वाकलेल्या पंचापाशी. पुसलेली रेषा त्याने दोन खुणांवरून पुन्हा उभी केली आणि निकाल दिला. निळ्यांपैकी एकानेही वाद घातला नाही. बोटं कुठे पोचली हे ओढणाऱ्या दोघांनी सगळ्यांत जवळून पाहिलं होतं.

याउलट चित्र सगळ्या जगाने पाहिलं आहे. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांतला पुरुषांचा अंतिम सामना. भारत आणि इराण, २८–२८, शेवटचं मिनिट जवळ आलेलं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही न शिवता लॉबीत गेला. इराणचे बचावपटू त्याच्यामागे लॉबीत आले, त्याला धरून बाहेर नेलं. आता बाद कोण? चढाईपटू एकटा, की त्याच्यामागे लॉबीत आलेले सगळे? एका नियमाने एकटा, दुसऱ्या नियमाने सगळे. प्रो कबड्डीत चालणारा नियम आणि आंतरराष्ट्रीय पुस्तकातला नियम यांच्यात फरक होता, आणि दोन्ही संघांचे बरेच खेळाडू प्रो कबड्डीतच मुरलेले. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला आणि उरलेला खेळ संपल्यावर भारत ३३–२९ असा जिंकला. ते सुवर्ण आपलं आहे. पण त्या तासाभरात लॉबीच्या एका मीटरच्या पट्टीने दाखवून दिलं की रेषा रंगीत आणि स्पष्ट असली, कॅमेरे डझनभर असले, तरी तिचा अर्थ दोन्ही बाजूंना आधीच मान्य नसेल तर ती काहीही ठरवू शकत नाही.

इराणच्या बचावाबद्दल मात्र आदरानेच बोललं पाहिजे. १९९० पासून सलग सात आशियाई सुवर्णं जिंकणाऱ्या आपल्या पुरुषांना २०१८ साली जकार्तात उपांत्य फेरीत त्यांनीच रोखलं. तिथे महिलांचा अंतिम सामनाही इराणने आपल्याकडून जिंकला, २७–२४, आणि त्या विजेत्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतलं शिक्षण दुसऱ्यांच्या कोपऱ्यांत पोचलं ते असं. प्रो कबड्डीत यू मुंबाकडून खेळलेल्या फजल अत्राचलीला मुंबईकरांनी आपलं मानलं, कारण डाव्या कोपऱ्यातून तो घोट्याला हात घालतो तेव्हा पकड काय असते हे जाणत्या प्रेक्षकाला कळतं. आपला गिरीश इरनाक त्याच जागेवरचा. या दोघांच्या पकडी मुलांना दाखवाव्यात, पण हळू करून दाखवाव्यात. वेगात नुसता पडलेला चढाईपटू दिसतो. हळू केल्यावर तळवे दिसतात.

आता थोडं मुलांच्या डोक्यावरच्या ओझ्याबद्दल. बाद पद्धतीच्या शालेय सामन्यात नुसतं चषकाचं भांडण नसतं. जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात, तिथून राष्ट्रीय स्पर्धेत. या पायऱ्यांवर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण अवलंबून असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मुंबईत तर कबड्डीने कित्येक घरांना रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया अशा ठिकाणी पहिला कायम पगार मिळवून दिला. एअर इंडियाची वसाहत तर इथे शेजारी कलिन्यातच होती. चाळीतल्या घरातून आलेल्या मुलाला हे सगळं नीट माहीत असतं. वजनाच्या अटीत बसण्यासाठी आदल्या दिवशी उपाशी राहणारी, स्वेटर घालून पळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते थांबवायला हवं असं मला कळकळीने वाटतं. तर अशा ओझ्याखाली एक मुलगा हात वर करून बाहेर जातो आणि दुसरा हवेत अंग वळवतो. त्यामुळेच मी त्यांना मोठं मानतो. ज्याला गमावण्यासारखं काही नाही त्याचा प्रामाणिकपणा तपासलाच गेलेला नसतो.

कोणी म्हणेल, हरले ना शेवटी? हरले. आणि त्या पराभवामागे खेळातली एक साधी उणीव होती, तीही सांगायला हवी. बोनस नसताना कोपऱ्याने इतकं खोल उभं राहायची गरज नव्हती. पण पकड खोल झाली हे चांगलंच झालं. चूक कव्हरची. तो कोपऱ्यापासून हातभर लांब उभा होता, आणि ही जोडी नवी होती. नेहमीच्या कोपऱ्याबरोबर त्याचं पाऊल जुळलेलं होतं. बदलीच्या मुलाबरोबर ते अर्धं पाऊल मागे पडलं. उजवीकडची साखळी तर रेटली गेल्यावर परत मिटलीच नाही. चारी बाजूंनी वेढा पडायला हवा होता, तो तीन बाजूंनी पडला. सराव करून घेणाऱ्याने बदलीच्या जोड्याही घटवून घ्यायला हव्यात. निळ्यांनी हे केलं असतं तर हीच पकड, असाच उचललेला घोटा, त्यांना अंतिम फेरीत घेऊन गेला असता.

उपनगरात शालेय कबड्डी भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मैदानाच्या कडेच्या खुर्च्या चांगल्या मागे हटवा, पाहुण्यांसाठी सुद्धा. मध्यंतरात मध्यरेषेवर आणि लॉबीवर पुन्हा फक्की मारा. कुमार आणि किशोर गटांत डॅशचं काय करायचं ते सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांना समोर बसवून सांगा. उत्कृष्ट चढाईपटू आणि उत्कृष्ट पकड अशी दोन बक्षिसं बहुतेक ठिकाणी असतात; पकडीचं बक्षीस देताना नुसते गुण न मोजता एखाद्या जुन्या जाणत्या कोपरारक्षकाला सामना पाहायला बसवा आणि त्याला विचारा. आणि वाचकहो, दिवाळीच्या आगेमागे तुमच्या भागात असे सामने लागले की नक्की जा. फुकट असतात, तास-दीड तासात आटपतात. फक्त मध्यरेषेजवळच्या गर्दीत उभे राहू नका. मागे जा, बचाव करणाऱ्यांच्या डाव्या कोपऱ्याच्या पाठीमागे, अंतिम रेषेपासून थोडं दूर. सगळ्यांत चांगलं तिथून दिसतं.